आधी धडा, मग तोल

वाण्याच्या दुकानात भांडे घेऊन तेल आणायला जाण्याचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना 'धडा करणे' हा शब्दप्रयोग समजावून सांगण्याची गरज नाही. रिकामे भांडे तराजूच्या एका पारड्यात ठेवायचे, दुसऱ्या पारड्यात खडे, लोखंडाचे तुकडे, जे हाताशी असेल ते टाकून काटा मध्यावर आणायचा, आणि मगच भांड्यात तेल ओतायला सुरुवात करायची. भांड्याचे वजन तेलाच्या भावाने गिऱ्हाइकाच्या माथी पडू नये, यासाठी ही तजवीज. तराजूच मुळात एका अंगाला झुकता असला, तर हलक्या पारड्याला जे कायमचे ओझे बांधीत, त्याला 'पासंग' असे नाव होते. एखादा मनुष्य दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा मालाच्या वजनाशी बरोबरी तर दूरच, तराजूचा दोष झाकणाऱ्या त्या क्षुल्लक तुकड्याएवढीही त्याची योग्यता नाही, असे सुचवीत असतो. आपल्या गुजराती शेजाऱ्यांच्या बोलीतही हा शब्द 'धडो' या रूपाने नांदतो, आणि मौज अशी की दोन्ही भाषांत त्याचा आणखी एक अर्थ आहे : शिकवण.

आज काट्याची जागा विजेवर चालणाऱ्या वजनयंत्राने घेतली, तरी कृती तीच राहिली आहे. सुरतेच्या महिधरपुऱ्यात किंवा वराछ्यात हिऱ्याचा व्यापारी आधी यंत्राचा आकडा शून्यावर आणतो, मगच हिरा पारड्यात ठेवतो. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि एक सेंट म्हणजे अवघे २ मिलिग्रॅम. कागदाच्या पुडीचे वजन त्यात मिसळले, तर लहान हिऱ्याचे खरे वजन त्या कागदाखाली दडपून जाईल. पंख्याच्या वाऱ्याने आकडा हलू नये म्हणून पारड्याभोवती काचेची पेटी असते, ती निराळीच.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे, फक्त तराजू थोडे निराळे आहेत. भूकंपाचा धक्का, समुद्राची भरती, हृदयाचे स्पंदन, पृथ्वीचे चुंबकत्व यांची अखंड नोंद घेणारी यंत्रे जगभर चालू असतात. त्या नोंदीतून काही निष्कर्ष काढण्यापूर्वी शास्त्रज्ञ तिचा 'धडा' करतात. ही पूर्वतयारी वरकरणी कारकुनी वाटते. परंतु धरण टिकेल की नाही, रोग्याला हृदयविकाराचा झटका आला आहे की नाही, असले प्रश्न पुष्कळदा तिच्याशी येऊन थांबतात.

नोंदीतील तीन भागीदार

कोणत्याही दीर्घ नोंदीत साधारणतः तीन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे एक ठरावीक रक्कम, जी प्रत्येक आकड्यात सारखीच असते. अभियंते तिला 'ऑफसेट' म्हणतात. आपण तिला पासंगाचाच मान देऊ. दुसरी म्हणजे कल : संथपणे एकाच दिशेने होत जाणारी वाढ किंवा घट. आणि तिसरी म्हणजे चढउतार, हेलकावे, धक्के. बहुतेक वेळी अभ्यासकाला हवी असते ती ही तिसरी, आणि दुर्दैव असे की पहिल्या दोघींच्या मानाने तीच आकाराने सर्वांत लहान असते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, पावसाळ्यात एका विहिरीतील पाण्याची उंची सात दिवस रोज सकाळी मोजली आणि सेंटिमीटरमध्ये पुढील आकडे आले : ५०१, ५०६, ५०५, ५०८, ५०९, ५१४, ५१३. दुसऱ्या आणि सहाव्या दिवसाच्या आदल्या रात्री पंप बंद होता. त्याचा परिणाम पाण्यावर दिसतो काय, एवढेच आपल्याला पाहायचे आहे. आकड्यांकडे नुसते पाहून फार काही कळत नाही. पाणी वाढत आहे, एवढेच दिसते.

आता धडा करू. सातही आकड्यांची बेरीज ३५५६, म्हणून सरासरी ५०८. ती प्रत्येकातून वजा केली की उरतात : उणे ७, उणे २, उणे ३, शून्य, १, ६, ५. पाचशे सेंटिमीटरचे ओझे उतरले, पण पावसाने होणारी रोजची वाढ अजून शिल्लक आहे. या आकड्यांमधून उत्तम जुळणारी सरळ रेषा काढली, तर ती दिवसाला २ सेंटिमीटरने चढते. म्हणजे रेषेचे सात दिवसांचे आकडे उणे ६, उणे ४, उणे २, शून्य, २, ४, ६ असे होतात. तेही वजा केले. आता हाती काय राहिले? उणे १, २, उणे १, शून्य, उणे १, २, उणे १. दुसरा आणि सहावा दिवस इतरांहून वेगळे उठून दिसतात. पाचशेच्या घरातील आकड्यांत दडलेली दोन सेंटिमीटरची गोष्ट आता मुलालाही वाचता येईल. यात जादू नाही. शाळेतील वजाबाकी आणि एक सरळ रेषा, एवढेच भांडवल आहे.

हे आधीच का करावयाचे?

चढउतारांचा अभ्यास करण्याचे मोठे साधन फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये याने दिले. उष्णतेच्या वहनावरील त्याचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतीही गुंतागुंतीची नोंद ही निरनिराळ्या लयींच्या साध्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येते, हे त्याचे सूत्र. लोलकातून पांढरा प्रकाश जावा आणि सात रंग निराळे व्हावेत, तशी ही रीत नोंदीतील मंद आणि जलद लयी वेगळ्या करून दाखवते.

परंतु या लोलकाला एक खोड आहे. ठरावीक रक्कम काढून टाकली नाही, तर वर्णपटाच्या आरंभी, शून्य कंप्रतेशी, एक अवाढव्य सुळका उभा राहतो आणि शेजारच्या लहान टेकड्या त्याच्या छायेत नाहीशा होतात. कल काढून टाकला नाही, तर घोटाळा याहून सूक्ष्म होतो. ही पद्धत असे धरून चालते की नोंद जेथे संपते तेथून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चढत्या नोंदीचा शेवट उंचावर असतो, तर आरंभ खाली; म्हणून जोडावर एक कडा निर्माण होते. ती कडा निसर्गात नसते, पण गणित तिलाही लाटांत मोडून दाखवते, आणि त्या खोट्या लाटांची गर्दी विशेषतः मंद लयींच्या भागात होते. नसलेली लय असल्यासारखी दिसू लागते.

दोन नोंदींची तुलना करताना तर कल अधिकच फसवा ठरतो. १९२६ मध्ये इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ उड्नी यूल याने या निरर्थक सहसंबंधांचे मूळ उलगडून दाखवले. गेल्या पन्नास वर्षांत सुरतेची वस्ती वाढली आणि नारळाचा भावही वाढला. दोन्ही आकडे शेजारी मांडले तर त्यांची जोडी राम-लक्ष्मणासारखी एकरूप दिसेल. पण म्हणून उद्या वस्ती थोडी घटली तर नारळ स्वस्त होईल, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. दोघांचा कल काढून टाकल्यावर, उरलेल्या चढउतारांतही ते एकमेकांचा हात धरून चालत असतील, तरच त्यांच्या नात्याचा विचार करावा.

कुलाबा ते अलिबाग

या शास्त्राचा एक उत्तम पाठ आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर गिरवला गेला आहे, आणि त्यात मराठी माणसांचा हातभार आहे. मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे सुरू झाली. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार हे तेव्हा तेथील कामाचे प्रमुख होते. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेची सूत्रे सांभाळली, आणि अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच पुढे लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून ख्यातनाम झालेले केरूनाना, यांनी आपल्या तरुणपणी येथेच वेध घेण्याचे काम केले.

मुंबईच्या परिसरात पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला इतका भरतो. हा झाला पासंग. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांमुळे तो वर्षानुवर्षे संथपणे बदलत असतो. हा झाला कल. सूर्याच्या उन्हाने वातावरणाच्या उंच थरांत विजेचे प्रवाह वाहू लागतात आणि त्यांच्यामुळे रोज दिवसा चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांचा एक हेलकावा येतो. आणि सूर्यावर उत्पात झाला की चुंबकीय वादळ येते. तेव्हा हा घटक शंभर, दोनशे, क्वचित चारशे-पाचशे नॅनोटेस्लांनी खाली बसतो. अडतीस हजारांच्या ढिगातून शंभराची नोट ओळखून काढावी, तसे हे काम आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आणण्याचे घाटू लागले. ट्रामच्या रुळांतून आणि जमिनीतून वाहणारा प्रवाह चुंबकसूचीला बिघडवील, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी मुंबईहून सुमारे तीस किलोमीटरवरील अलिबागची जागा निवडली. वेधशाळेच्या इमारतीसाठी पोरबंदरचा दगड, त्यात लोहाचा अंश नाही याची चाचणी घेऊन, आणवण्यात आला. आणि खिळे, बिजागऱ्या यांसाठी लोखंडाऐवजी तांबे-पितळ वापरण्यात आले. म्हणजे पासंग नंतर वजा करण्यापेक्षा तो मुळातच निर्माण होऊ नये, याची ही काळजी. सौराष्ट्राच्या दगडाने कोकणातील चुंबकसूचीची राखण केली, ही हकीकत आपल्यासारख्या दोन्ही प्रांतांशी नाते असलेल्या माणसांना विशेष गोड वाटेल.

पण मूस यांचा खरा दूरदर्शीपणा याच्या पुढे दिसतो. दोन गावांतील चुंबकक्षेत्र कधीही तंतोतंत सारखे नसते. एके दिवशी कुलाबा बंद करून दुसऱ्या दिवशी अलिबाग सुरू केले असते, तर साठ वर्षांच्या मालिकेत एकाएकी एक पायरी दिसली असती. आणि ती जागेमुळे आली की पृथ्वीच्या पोटातील घडामोडीमुळे, हे पुढे कोणालाही सांगता आले नसते. म्हणून १९०४ पासून १९०६ पर्यंत, दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. त्यांतून दोन जागांमधील स्थिर फरक निश्चित झाला, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. १९१० मध्ये मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे दोन खंड प्रसिद्ध केले. ही मालिका आज जगातील सर्वांत दीर्घ अखंड चुंबकीय मालिकांपैकी एक गणली जाते, याचे श्रेय त्या दोन वर्षांच्या 'धड्या'ला आहे.

१८५९चे वादळ

या काळजीचे फळ जवळजवळ शंभर वर्षांनी पदरात पडले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील खगोलवेत्ता रिचर्ड कॅरिंग्टन याला सूर्यावरील डागांजवळ प्रखर प्रकाशाचा स्फोट दिसला, आणि पुढील दिवसभरात पृथ्वीवर इतके प्रचंड चुंबकीय वादळ आले की तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. इंग्लंडमधील स्वयंलेखी यंत्रांच्या रेषा कागदाच्या कडेबाहेर निघून गेल्या. कुलाब्याला मात्र निरीक्षक डोळ्यांनी मोजपट्टी वाचून आकडे लिहीत होते. सूची अस्वस्थ झाली की तासाऐवजी पंधरा किंवा पाच मिनिटांनी वाचन होई. त्यामुळे तेथील नोंद तुटली नाही. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांच्याबरोबर भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखीना आणि अ‍ॅलेक्स या शास्त्रज्ञांनी त्या नोंदी पुन्हा तपासल्या. आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळला होता, असे त्यांनी दाखवले. तुलनेसाठी सांगायचे, तर १३ मार्च १९८९च्या वादळात, ज्यात कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या सुमारे साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली, जगाच्या सरासरीचा निर्देशांक उणे ५८९ पर्यंत उतरला होता. आणि मे २०२४च्या वादळात तो उणे ४००च्या आसपास गेला.

येथे एक सावधगिरी शिकण्यासारखी आहे. हे १,६०० मोजावयाचे कशापासून? वादळाच्या दिवसासकट सरासरी काढली, तर वादळ स्वतःच त्या सरासरीला खाली ओढते आणि आपणच आपली उंची कमी करून दाखवते. म्हणून चुंबकीय वादळाचा जागतिक निर्देशांक काढताना आधार म्हणून प्रत्येक महिन्यातील पाच सर्वांत शांत दिवस घेतात. त्यांच्यावरून संथ कल ठरवतात, त्यांच्यावरूनच रोजचा सूर्यकृत हेलकावा ठरवतात, हे दोन्ही वजा करतात, आणि मग जे उरते त्याला वादळ म्हणतात. घरातील माणसाचा स्वभाव तो संतापलेला असतानाच्या दिवसावरून ठरवू नये, असे आपली वडील मंडळी सांगत आली. शास्त्राने त्याचाच नियम केला. शिवाय कुलाब्याच्या त्या आकड्याबाबत पुढे वाद झाला. तासातासाची सरासरी घेतली, तर १,६०० हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. दोन्ही पक्षांना मूळ आकडे उपलब्ध असल्यामुळेच हा वाद प्रामाणिकपणे होऊ शकला. कुलाब्याच्या त्या कारकुनांनी 'सुधारलेले' आकडेच लिहून मूळ वाचने फेकून दिली असती, तर आज वादालाही जागा उरली नसती.

भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे त्या वादळाला १६४ वर्षे होत असताना, सूर्याच्या अभ्यासासाठी निघाले. त्यावरील चुंबकमापकाची रचना पाहिली, तर मूस यांची आठवण होते. यानाच्या यंत्रांचे स्वतःचे चुंबकत्व मोजमापात मिसळू नये म्हणून एक मापक सहा मीटर लांब दांड्याच्या टोकाला आणि दुसरा मध्यावर, तीन मीटरवर, बसवला आहे. यानाचा प्रभाव जवळच्या मापकावर जास्त आणि दूरच्यावर कमी पडतो. दोन वाचनांतील या फरकावरून यानाचा पासंग ओळखता येतो आणि तो वजा करता येतो.

कोयना आणि हृदयाचा आलेख

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला झालेला भूकंप महाराष्ट्र विसरलेला नाही. सुमारे १८० माणसे दगावली, आणि कोयना धरणाच्या उंच भागांना आडव्या भेगा गेल्या. धरणाच्या आत बसवलेल्या यंत्राने त्या धक्क्याचा प्रवेग नोंदवला. त्याचे सर्वोच्च मूल्य गुरुत्वाच्या ०.६३ पट होते. १९६९ मध्ये रूरकी विद्यापीठातील जयकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आलेखाचे विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून धरणांच्या भूकंपसुरक्षेचा अभ्यास करणारे जगभरचे अभियंते तो वापरत आले आहेत.

प्रवेगाच्या आलेखावरून जमीन किती वेगाने आणि किती अंतर हलली, हे काढण्यासाठी त्याची दोनदा बेरीज, गणिताच्या भाषेत संकलन, करावी लागते. येथे पासंग आपले खरे रूप दाखवतो. समजा, आलेखाची शून्यरेषा सेकंदाला सेकंदामागे अवघ्या एक सेंटिमीटरने चुकली. कोयनेच्या सर्वोच्च धक्क्याच्या सहाशेव्या भागाएवढीच ही चूक. दहा सेकंदांनी वेगात १० सेंटिमीटरची चूक होते आणि अंतरात ५० सेंटिमीटरची. वीस सेकंदांनी अंतरातील चूक दोन मीटरवर जाते. भूकंप थांबला, घरे जागच्या जागी आहेत, आणि गणित सांगते की जमीन दोन मीटर सरकून अजून चालतेच आहे! म्हणून शून्यरेषेची दुरुस्ती केल्यावाचून अशा आलेखाला कोणी हात लावीत नाही. धक्का थांबल्यावर जमिनीचा वेग शून्य झाला पाहिजे, ही निसर्गाचीच अट त्या दुरुस्तीची कसोटी असते.

दुसरे उदाहरण आपल्या घरापाशी येते. हृदयाचा विद्युत् आलेख, ज्याला आपण ईसीजी म्हणतो, तो काढताना छातीवरील चकत्या आणि त्वचा यांच्यामधील स्थिर विद्युत्-दाब तीनशे मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो असे गृहीत धरून यंत्रे बनवतात. हृदयाचा स्वतःचा संकेत मात्र एखाद-दुसऱ्या मिलिव्होल्टचा. त्यात श्वासाबरोबर आणि रोग्याच्या हालचालीबरोबर रेषा वरखाली तरंगत राहते. हे तरंगणे काढून टाकण्यासाठी यंत्रात गाळणी असते. परंतु गाळणी फार बारीक लावली, तर ती तरंगण्याबरोबर आलेखातील 'एस-टी' या भागाचाही आकार बदलून टाकते. आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान तर पुष्कळदा त्याच भागाच्या एका मिलिमीटरच्या चढउतारावरून व्हावयाचे असते. म्हणून निदानासाठी काढलेल्या आलेखात गाळणीची सीमा सेकंदाला ०.०५ आवर्तने इतकी सैल ठेवतात, तर खाटेशेजारच्या पडद्यावर नुसते लक्ष ठेवण्यासाठी ०.५ पर्यंत चालवून घेतात. पडद्यावरील रेषा अधिक नीटस दिसते. पण नीटस दिसणारी रेषा अधिक खरी असतेच असे नाही.

कल काढावा की ठेवावा?

येथे या विषयाचा सर्वांत नाजूक प्रश्न येतो. एकाचा पासंग हा दुसऱ्याचा माल असतो. चुंबकीय वादळांचा अभ्यासक जो संथ कल वजा करून टाकतो, तोच पृथ्वीच्या गर्भातील हालचालींचा अभ्यास करणाऱ्याचे सर्वस्व असतो. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासूनच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. तेथे उधाणाच्या भरतीत पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते. भरतीचे वेळापत्रक करणारा मनुष्य समुद्राची सरासरी पातळी आणि तिचा कल बाजूला ठेवतो. त्या कलाचा आकडा वर्षाला साधारण एका मिलिमीटरच्या आतबाहेर. पाच मीटरच्या मानाने तो काहीच नव्हे. पण किनाऱ्यावर बंधारा बांधणाऱ्याला, आपल्या नातवंडांच्या काळातील मुंबईचा विचार करणाऱ्याला, तोच मिलिमीटर पाहावयाचा असतो. आणि त्याने भरतीचे मोठे हेलकावे काढून टाकावयाचे असतात.

नोंद आखूड असेल, तर कल आणि हेलकावा यांतील भेदच पुसला जातो. डुमसच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी बसून सहा तास पाणी मोजले, तर ते एकसारखे चढतच जाताना दिसेल. हा कल आहे असे समजून सरळ रेषा वजा केली, तर भरतीच जवळजवळ नाहीशी होईल! भरतीचे एक आवर्तन बारा तास पंचवीस मिनिटांचे असते, हे ठाऊक असलेला मनुष्य ही घाई करणार नाही. ज्या लयीचा शोध घ्यायचा, तिची अनेक आवर्तने नोंदीत असल्याखेरीज कशाला कल म्हणू नये.

आणि कल काढण्यापूर्वी पायऱ्या पाहाव्यात. जनगणनेप्रमाणे सुरत महानगराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २४ लाख ३४ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे ४४ लाख ६७ हजार झाली. दहा वर्षांत पावणेदोनपटीहून अधिक! पण मध्यंतरी, २००६ मध्ये, महानगरपालिकेची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून सुमारे ३२६ चौरस किलोमीटर झाली होती. वाढीतील किती वाटा खानदेशातून, सौराष्ट्रातून, ओरिसातून पोट भरायला आलेल्या माणसांचा, आणि किती वाटा नकाशावरील रेषा सरकल्यामुळे रातोरात 'सुरतकर' झालेल्यांचा, हे वेगळे केल्याशिवाय वाढीचा दर काढणे म्हणजे भांड्यासकट तेल तोलणे होय.

गोडादऱ्यातील शिक्षकाला या विचाराची गरज रोज पडते. आमच्याकडील बरीचशी कुटुंबे जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून आलेली. श्रावणात कानबाईचा उत्सव, दिवाळीत गाव, वैशाखात आखाजी आणि लग्नसराई. या प्रत्येक वेळी वर्ग ओस पडतात आणि पुन्हा भरतात. हा हेलकावा ओळखीचा आहे, त्याची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु मराठी शाळेचा पट पाहताना धोका असा, की या ओळखीच्या हेलकाव्याच्या आड संथ उताराकडे दुर्लक्ष होते. यंदा पहिलीला मुले थोडी कमी आली, 'गावाहून अजून परतली नसतील' असे म्हणावे. पुढच्या वर्षी आणखी थोडी कमी, तेच उत्तर द्यावे. जूनची जूनशी आणि नोव्हेंबरची नोव्हेंबरशी, दहा वर्षांचे आकडे समोर मांडून तुलना केली, तरच सणांचा हेलकावा गळून पडतो आणि कल उघडा पडतो. हद्द बदलली, शाळा एकत्र झाल्या, तुकड्या हलवल्या, तर त्या पायऱ्याही वेगळ्या कराव्या लागतात. मग जे उरते, ते गोड असो वा कडू, आपल्या भाषेविषयी आपण घरोघरी घेतलेल्या निर्णयांची ती बेरीज असते. येथे कल वजा करून निश्चिंत होण्याची मुभा आपल्याला नाही.

मुलांच्या बाबतीतही हेच. शिरपूरहून वर्षाच्या मध्यात आलेल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाचे पहिल्या चाचणीतील गुण आणि येथेच जन्मलेल्या मुलाचे गुण यांच्यात एक स्थिर फरक असणारच. तो बुद्धीचा नसतो, जागेचा असतो. कुलाबा आणि अलिबाग यांच्यातील फरकासारखा. त्या मुलाची प्रगती त्याच्या स्वतःच्या शून्यापासून मोजली, तर पुष्कळदा तोच वर्गात सर्वांत वेगाने चढत असलेला आढळतो. मात्र तो स्थिर फरक कागदावर वजा केला म्हणजे तो नाहीसा झाला, असे नव्हे. तो भरून काढणे हे काम वेगळे, आणि तेच शाळेचे मुख्य काम.

सारांश काढायचा तर चार गोष्टी. मूळ आकडे जसेच्या तसे जपून ठेवावेत आणि काय वजा केले ते शेजारी लिहावे. पायऱ्या आधी, कल नंतर. आधार ठरवताना शांत दिवस घ्यावेत, वादळाचे नव्हेत. आणि जे वजा करावयाचे, ते आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने खरोखरच पासंग आहे ना, हे आपणच आपल्याला विचारून घ्यावे. यंत्रे आता ही वजाबाकी क्षणार्धात करतात. हा चौथा प्रश्न मात्र अजून माणसालाच विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी नोंदवहीची जुनी पाने उलटण्याइतका धीर त्याच्यापाशी असावा लागतो.